फरशीचा उतार आणि आमची तीन कपाटं

रेडिओ लावून शेवया करत असाल, भाजी निवडत असाल तर हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे ठेवा.

आज आम्ही कपाटाबद्दल बोलणार आहोत. कपाटात काय ठेवायचं ते नाही, कपाट उभं कसं करायचं ते. हा काय रेडिओवर बोलायचा विषय झाला, असं आमच्याच गटातल्या दोघींना वाटलं. तिसरी मात्र म्हणाली, "तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते." ती असं का म्हणाली ते पुढे कळेल.

आमचा गट माण तालुक्यातला, लोणचं आणि मसाले करणारा. आम्ही १२ जणी. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली आम्हाला कामाला मिळाली आहे. खाली शहाबादी फरशी, विटांच्या भिंती, वर पत्रा. आधी आमचं सगळं सामान पोत्यांत आणि खोक्यांत असायचं. इतिवृत्ताची वही, रोकड वही, खातेवही एका पिशवीत घालून अध्यक्षांच्या घरी खुंटीला. एकदा ती पिशवी उंदरानं कुरतडली, खातेवहीची चार पानं गेली, आणि कुणाचे किती हप्ते आले यावरून गटात आठ दिवस तोंडं फिरली. तेव्हा ठरलं, कपाट घ्यायचं.

जुन्या बायकांचं म्हणणं, लोखंडी घ्या. आम्ही मोबाईल हाताळणाऱ्या म्हणालो, आता सुट्या भागांची कपाटं मिळतात. फळ्या खोक्यात सपाट रचून येतात, आपण घरी जोडायच्या, एकाशेजारी एक कपाट लावायचं, पुढे धंदा वाढला की चौथं आणायचं. तीन मागवली. साडेसतरा हजार गेले, सगळे नफ्यातले. प्रत्येक कपाट १८० सेंटीमीटर उंच, ८० रुंद आणि ४० खोल. म्हणजे बाईच्या डोक्यावरून जाईल इतकं उंच आणि जेमतेम दोन वीत खोल. हे माप लक्षात ठेवा, सगळी गोम त्यात आहे.

जोडायला काही अवघड गेलं नाही. सोबतच्या कागदावर नुसती चित्रं असतात, वाचता न येणारीलाही कळतात. स्क्रू, खुंट्या, गोल लॉक आम्ही वेगवेगळ्या वाट्यांत घालून ठेवले, कागदावरच्या आकड्याप्रमाणे मोजून घेतले. संध्याकाळपर्यंत तिन्ही कपाटं उभी. फोटो काढले, गटाच्या ग्रुपवर टाकले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर मधल्या कपाटाची दोन दारं एकमेकांशी बोलत नव्हती. एक वर, एक खाली. तिसऱ्याचं दार आपोआप उघडायचं. कपाटाला हात लावला की डुलायचं. आम्ही बिजागरीचे स्क्रू फिरवत बसलो. दोन दिवस. एका दाराचं जमवलं की दुसऱ्याचं बिघडायचं. शेवटी खोक्याचा पुठ्ठा घडी करून एका पायाखाली सारला, डुलणं थांबलं, आणि आम्ही हात झटकले. एका छोट्या पिशवीत धातूची पट्टी आणि चार स्क्रू उरले होते. "बघा, जादाचं सामान दिलंय," म्हणून ती पिशवी आम्ही खिडकीत ठेवून दिली.

तीन आठवड्यांनी, लोणच्याच्या ऐन गडबडीत, आमच्या एका ताईचा पाच वर्षांचा नातू खोलीत खेळत होता. मधल्या कपाटाला खाली तीन ड्रॉवर आहेत. वरच्या फळीवर चिक्कीचा डबा. त्यानं तिन्ही ड्रॉवर ओढले आणि खालच्यात पाय देऊन वर चढला. कपाट पुढं आलं. वरच्या दोन फळ्यांवर लोणच्याच्या ३६ काचेच्या बरण्या होत्या, त्या आधी आल्या. समोर वजनकाट्याचं टेबल होतं, कपाट त्याच्या कडेवर अडकलं आणि पोरगं त्या सांदीत खाली सापडलं. पायाला काच लागली, दोन टाके पडले. बाकी काही नाही. टेबल तिथं नसतं तर काय झालं असतं, ते आम्ही अजूनही मोठ्यानं बोलत नाही.

त्या ताई तीन आठवडे बैठकीला आल्या नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो तर म्हणाल्या, "कपाट वाईट नव्हतं. तुम्ही घाईनं उभं केलंत." खरंच होतं.

आम्ही आधी सुताराला बोलवायला निघालो होतो. तेवढ्यात आमच्यातल्याच एक आक्का म्हणाल्या, "अगं, खालचं बघा की आधी. फरशी बघा." आक्का आमच्या गटात पहिल्यापासून. बैठकीत फारशा बोलत नाहीत, सही करायला अलीकडे शिकल्या. पण गेली १८ वर्षं त्या गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करतात. गवंडी पातळी बघतो तेव्हा पाण्याच्या नळीचं एक टोक त्याच्या हातात असतं आणि दुसरं टोक कुणाच्या हातात? आक्कांच्या. कपाटं जोडताना त्या तिथंच मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. त्यांना विचारावं असं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही.

आक्कांनी पोराची गोटी मागितली आणि फरशीवर ठेवली. गोटी आधी हळू, मग जोरात मोरीकडे गेली. "फरशी उताराला टाकलीया. पाणी जायला नको?" आपण सगळ्या रोज फरशी धुतो आणि पाणी मोरीकडे आपोआप जातं हे बघतो. आपल्याकडच्या खोल्यांची फरशी सपाट नसतेच, ती मुद्दाम उतरती केलेली असते. आणि कपाट बनवणारा धरून चालतो की जमीन सपाट आहे.

आता थोडा हिशेब करू. आमच्या मधल्या कपाटाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा ६ मिलिमीटर खाली होते. ६ मिलिमीटर म्हणजे काय, करंगळीच्या अर्ध्या जाडीएवढं. पण कपाट ४० खोल आणि १८० उंच, म्हणजे खोलीच्या साडेचार पट उंची. खाली जेवढं चुकतं त्याच्या साडेचार पट वर चुकतं. वरचं टोक २७ मिलिमीटर, जवळजवळ इंचभर, पुढं आलेलं. त्यात वर बरण्यांचं वजन, खाली ड्रॉवर बाहेर, त्यात मूल. पुठ्ठा तर वजनानं दबला होता आणि फरशी धुताना भिजून त्याचा लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आक्का आपली नळी घेऊन आल्या. दहा मीटरची पारदर्शक नळी. ही पद्धत नीट ऐका, घरात ओटा करताना, शेड टाकतानाही उपयोगाची आहे.

नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं उघडी. आक्कांनी पाण्यात रंगपंचमीचा उरलेला रंग टाकला, म्हणजे पाण्याची रेघ लांबून दिसते. नळीत एकही बुडबुडा नको, बुडबुडा असला की नळी खोटं बोलते. टोकावर अंगठा दाबून धरायचा नाही, पाणी हलणार नाही. दोन्ही टोकं शेजारी धरून आधी खात्री करायची की पाणी सारख्या उंचीवर आहे. मग एकीनं भिंतीच्या एका कोपऱ्यात जमिनीपासून बरोबर १०० सेंटीमीटरवर खूण करायची आणि पाण्याची रेघ त्या खुणेला धरायची. दुसरीनं दुसरं टोक भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन, पाणी स्थिर झालं की तिथं खूण करायची. दोन खुणांमध्ये दोरी ताणून रेघ मारली की ती रेघ सपाट. फरशी कशीही असो, ही रेघ खरी.

आता रेघेपासून खाली फरशीपर्यंत टेपनं मोजत जायचं. आम्ही जिथं १०० ची खूण केली तिथं १०० आलं, मधे कुठं १०१ आलं, मोरीच्या बाजूला १०२ आणि अर्धं. म्हणजे तीन कपाटांच्या २४० सेंटीमीटर लांबीत अडीच सेंटीमीटरचा उतार. सगळ्यात कमी आकडा जिथं येतो तिथं जमीन सगळ्यात उंच. पहिलं कपाट तिथं ठेवायचं. त्याचे पाय जवळजवळ पूर्ण आत फिरवलेले ठेवायचे आणि बाकीची कपाटं त्याच्या उंचीला आणायची. आम्ही आधी उलटं केलं होतं, दाराकडून सुरुवात केली होती. मग उंच बाजूचं कपाट कापून तर खाली नेता येत नाही!

आमच्या कपाटांचे पाय स्क्रूचे आहेत, फिरवले की दीड सेंटीमीटरपर्यंत वर येतात. शेवटच्या कपाटाला तेवढं पुरेना. तिथं पायांखाली कडाप्पाचे तुकडे ठेवले, आणि वरचा बारीक फरक पाय फिरवून काढला. पुठ्ठा, कागद, मऊ लाकूड पायाखाली घालू नका. कडाप्पा, फरशीचा तुकडा, नाहीतर सुताराकडे सनमायकाचे टाकाऊ तुकडे मिळतात, ते मागा. पातळ असतात, एकावर एक ठेवून हवी ती जाडी साधते. पाय दोन फरशांच्या सांध्यावर येऊ देऊ नका. आणि चारही पायांवर वजन आलंय का ते बघायला प्रत्येक पाय हातानं फिरवून बघा. जो सैल फिरतो तो हवेत आहे.

कपाट समोरून सरळ दिसलं म्हणजे झालं असं नाही. मागून पुढे सरळ आहे का ते महत्त्वाचं, कारण ते पडतं पुढे. त्यासाठी आक्कांचा ओळंबा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा. कपाटाच्या बाजूच्या फळीवर, वर पुढच्या कडेला दोरा धरा आणि नट खाली लोंबू द्या. दोरा आणि कपाटाची कड यांतलं अंतर वर आणि खाली सारखं पाहिजे. आम्ही मोबाईलमधलं लेव्हल वापरून पाहिलं. पण मोबाईलच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, तो पाठीवर ठेवला की तिरकाच बसतो. बुडबुड्याची पाणसळ विकत घेणार असाल तर दुकानातच एकदा सरळ आणि एकदा उलटी फिरवून त्याच जागी ठेवा. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी आला तरच घ्या.

आता पाठीच्या पत्र्याबद्दल. पत्रा म्हणजे हार्डबोर्डची पातळ फळी, मागं खिळ्यांनी ठोकायची. आम्हाला वाटलं, ही धूळ अडवायला. आक्कांनी गोठ्याच्या फाटकाकडे बोट दाखवलं. फाटकाला तिरकी पट्टी का मारतात? नाहीतर चौकट लवते. कपाटाला ती तिरकी पट्टी म्हणजे पाठीची फळी. ती ठोकायच्या आधी कपाट पालथं घालून दोन्ही कर्ण मोजायचे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सुतळीनं मोजलं तरी चालतं. दोन्ही सारखे आले की कपाट काटकोनात आहे, मग खिळे ठोका. आमच्या मधल्या कपाटात दोन कर्णांत पाऊण सेंटीमीटरचा फरक होता. दारं जुळणार कशी? खिळे उपटून परत ठोकले. गोल लॉक मात्र हळू हातानं, थांबेपर्यंतच फिरवा. ही फळी भुसा आणि डिंक दाबून केलेली असते, एकदा भोक सैल झालं की स्क्रू धरत नाही.

एवढं सगळं झाल्यावर दारं बघायची. बिजागरीच्या एका स्क्रूनं दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्यानं आत-बाहेर, आणि पट्टीचे स्क्रू सैल केले की वर-खाली. दोन दिवस जमलं नव्हतं ते या वेळी पाऊण तासात जमलं. त्यातही चहा झाला.

आणि मग ती खिडकीतली पिशवी. ती पट्टी जादाची नव्हती. कपाटाचं डोकं भिंतीला बांधायची ती पट्टी होती, कागदावर शेवटचं चित्र तिचंच होतं. २०१६ साली अमेरिकेत एका मोठ्या फर्निचर कंपनीनं सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून तिथं लहान मुलं दगावली होती. पुढे २०२२ च्या अखेरीस त्या देशात कायदाच झाला, की भरलेले ड्रॉवर उघडे असले आणि मूल त्यावर लोंबकळलं तरी कपाट पडता कामा नये, अशी चाचणी घ्या. सांगायचं कारण एवढंच, की सपाट जमिनीवर नीट बसवलेलं उंच कपाटसुद्धा मुलाच्या वजनानं येऊ शकतं. पातळी आणि पट्टी दोन्ही पाहिजेत.

विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली भिंत असेल तर सोपं आहे. ड्रिलनं भोक पाडायचं, प्लॅस्टिकची गिट्टी ठोकायची, तिच्यात स्क्रू. भोक विटेत जाऊ द्या, दोन विटांच्या सांध्यात नको. भिंतीखाली पाटी काढलेली असेल तर कपाट भिंतीपासून थोडं पुढे राहतं. त्या फटीत वरच्या बाजूला लाकडी पट्टी घालून मग स्क्रू मारा. दगडमातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथं आक्कांचा सल्ला असा, की माळवदाच्या घरात लाकडी खांब असतात, दोन खांबांमध्ये आडवी लाकडी पट्टी ठोकून कपाट त्या पट्टीला बांधा. तेही नसेल तर उंच कपाट घेऊच नका, बुटकं घ्या. जमीन शेणानं सारवलेली असेल तर पाय रुततात, खाली आधी सपाट फरशी बसवा आणि पातळी तिच्यावर बघा.

आम्ही तिन्ही कपाटं एकमेकांना बोल्टनंही जोडली. त्यानं ती आडवी हलत नाहीत. पुढं पडण्यापासून मात्र ती पट्टीच वाचवते, म्हणून प्रत्येक कपाटाला वेगळी पट्टी मारली. बरण्या आता खालच्या फळीवर, वर रिकाम्या पिशव्या आणि लेबलं. चिक्कीचा डबा खाली आणला, पोरं आता हवी तेव्हा खातात, त्याला इलाज नाही.

पैशाचं सांगायचं राहिलं. फुटलेल्या ३६ बरण्या कुणाच्या खात्यावर टाकायच्या यावर बैठकीत वाद झाला. कपाटाचा हट्ट आमचा होता, तेव्हा आम्ही तिघींनी भरू म्हटलं. नातवाच्या आजी त्या दिवशी पहिल्यांदा परत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरण्या गटाच्या, कपाट गटाचं, चूक पण गटाची लिहा." तसं इतिवृत्तात लिहिलं आहे. आज रेडिओवर बोला म्हणणाऱ्या तिसऱ्या त्याच.

पावसाळ्यानंतर आम्ही परत दोरा लावून पाहिलं. मोरीकडचं कपाट २ मिलिमीटर पुढं झुकलेलं निघालं, तिथली फरशी खचली आहे. पाय फिरवून घेतला. फळीची खालची कड एका ठिकाणी फुगली होती, फरशी धुताना पाणी लागून. आता कपाटाखाली बादलीभर पाणी ओतत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो.

शेजारच्या दोन गावांतल्या गटांनी आक्कांना बोलावलं आहे. पहिल्या गावाला त्या फुकट जायला निघाल्या होत्या. आम्ही अडवलं. गवंड्याबरोबर जातात त्याच दिवसाच्या हजेरीनं त्यांना पैसे द्यायचे, एस.टी.चं तिकीट वेगळं, असं त्या गटांशी बोलून ठरवलं आहे. नळी आक्कांची, ओळंबा त्यांचा. ड्रिल आमच्या गटाचं, ते हवं असेल तर दोन दिवस आधी निरोप द्या.